वांद्र्याचे खडक: ओहोटीच्या चौकोनांची हिवाळी नोंद

बँडस्टँडच्या खडकांवर काय काय दिसलं याच्या याद्या भरपूर झाल्या. कुठल्या उंचीवर दिसलं, हे त्यांत नसतं. किनाऱ्यावरचा जीव भरतीच्या पातळीनुसार राहतो: वर नेरिटा नावाचे शंख आणि बारीक गोगलगायी, मध्ये बार्नकल (खडकाला घट्ट चिकटलेले कवचधारी जीव) आणि कालवं, अगदी खाली झोअँथिडचे (समुद्रफुलांच्या नात्यातल्या, वसाहतीने राहणाऱ्या जिवांचे) गालिचे, स्पंज, समुद्रफुलं. म्हणून या हंगामात फोटोंची शिकार बाजूला ठेवून चौकोन मोजायला घेतले आहेत, म्हणजे खडकावर ठरावीक मापाची चौकट ठेवून तिच्या आत काय आहे ते मोजायचं.

चौकोन अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा. चार तुकडे, चार काटकोनी एल्बो, आतलं माप ५० × ५० सेंमी. एल्बोत पाइप किती शिरतो ते धरूनच कापा, आणि माप जुळल्याशिवाय सोल्युशन लावू नका. दर १० सेंमीला आडवी-उभी दोरी ओवली की आत १६ छेदबिंदू मिळतात. पाइपला वरून आणि खालून ५ मिमीची भोकं हवीतच, नाहीतर आत हवा राहते आणि डबक्यात चौकोन तरंगतो. दोरी रंगीत नायलॉनची घ्या. मासेमारीची पारदर्शक तंगूस ओल्या बसाल्टवर फोटोत दिसतच नाही.

प्रत्येक छेदाखाली काय आहे तेवढंच लिहायचं. जिवंत बार्नकल आणि रिकामं कवच वेगळं मोजा, कारण रिकाम्यात पिटुकल्या गोगलगायी बसलेल्या असतात आणि घाईत दोन्ही एकच वाटतात. हिरवं उल्वा वाढलं की खालचा थर झाकला जातो. तिथे आधी शेवाळ लिहा, मग बोटाने हलकेच बाजूला सारून खालचं लिहा, म्हणजे एका बिंदूला दोन नोंदी. एकच ठेवली तर बार्नकल घटल्यासारखे दिसतील आणि कोणीतरी प्रदूषणावर खापर फोडेल.

उंची काढायला मोजणीदारांची दुर्बीण-पट्टी लागत नाही. पाणी चढताना चौकोनाला टेकलं की वेळ लिहा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अपोलो बंदराच्या भरती-ओहोटी कोष्टकावरून त्या वेळेची पातळी काढा. लाटा असतील तर पाच-सहा लाटांची सरासरी धरा. जोराच्या वाऱ्यात हे करूच नका. कोष्टकातला शून्य म्हणजे सरासरी समुद्रपातळी नव्हे, ती त्याच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. नोंदीत कुठला शून्य धरलाय ते लिहा.

दिवस ठरवायला जुना हिशेब अजून चालतो: तिथी गुणिले पाऊण म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे सव्वाआठच्या आसपास ओहोटी. अष्टमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीला) पाणी पुरेसं उतरत नाही, खालचे चौकोन उघडेच पडत नाहीत. त्यासाठी ०.५ मीटरच्या खालची ओहोटी पाहिजे, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे दोन-तीन दिवस. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात, तेव्हा आकडा कोष्टकातच बघा.

पोहोचायचं तळाच्या ओहोटीच्या दीड तास आधी. काम खालून वर करत यायचं. पाणी फिरल्यावर पहिल्या तासात चढ-उताराचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. फरक ४ मीटरचा असेल तर ३३ सेंमी, ६७ सेंमी आणि मग थेट १ मीटर. पहिला तास फसवा असतो. तेवढ्यात मागची घळ भरते आणि परतीची वाट तुटते.

पायात बंद, पकड असलेले बूट. कालवांच्या कडा चपलेला जुमानत नाहीत, आणि गमबुटात पाणी भरलं की पाय उचलत नाही. वाळूच्या डबक्यात पाय घासत चाला, पाकट बाजूला होते. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नका, त्याचा डंख विषारी असतो. उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवायचा. दगडी पोवळ्याला हातही नको, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे.

फोटोत डबक्यावरची चमक घालवायला लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर छान, पण काळी छत्री स्वस्त आणि जास्त भरवशाची. खडकावर रंगाची खूण करायची नाही. फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे प्रत्येक चौकोनाचे दोन दिशांनी, मागची इमारत किंवा मोठा खडक येईल असे फोटो ठेवलेत. वरचे आणि मधले चौकोन अशाने नेमके सापडतात. सगळ्यात खालच्या दोघांची उंची अजून पक्की नाही. ती शांत समुद्राच्या ०.३ मीटरखालच्या ओहोटीला पुन्हा काढायची आहे, पावसाळ्याआधी.