तुरटी, कनू आणि ग्रीन रिव्हरचा चिखल

डेन्व्हरला येऊन सहा वर्षं झाली आणि दरवर्षी "यंदा युटा करूयाच" म्हणत आम्ही पुढे ढकलत होतो, शेवटी या सप्टेंबरच्या अखेरीस जमलं. दोन जोडपी, एक गाडी, भाड्याच्या दोन कनू (वल्ह्यांच्या लांबट होड्या). आईला फोनवर सांगितलं की नदीवर चाललोय तर तिला लगेच कोलाडची कुंडलिका आठवली, हेल्मेटं घालून किंचाळणारी पोरं वगैरे. म्हटलं अगं तसलं काही नाही, ग्रीन रिव्हर नदीच्या लॅबिरिंथ कॅन्यन या दरीत एकसुद्धा रॅपिड (खळाळणारा उतार) नाहीये, रुबी रँचपासून मिनरल बॉटमपर्यंत ४५ मैल नुसतं वाहत जायचं, चार दिवस. "मग त्यात काय मजा?" असं तिचं म्हणणं.

आय-७० महामार्गावरून युटात शिरलो आणि पहिली रात्र गॉब्लिन व्हॅलीत काढली. लालसर दगडांचे बुटके गोळे, पंगतीला बसल्यासारखे रांगेनं, आणि रात्री इतके चांदणे की नवऱ्यानं फोटो काढायचा नाद सोडूनच दिला. तिथलं एवढंच, कारण मला खरं लिहायचंय ते नदीचं.

नदीवर जाताना परमिट लागतं, लाइफ जॅकेटं लागतात, शेकोटीसाठी लोखंडी परात लागते (राख पण घरी न्यायची!) आणि हो, स्वतःचा संडास लागतो. खरंच. झाकणाचा घट्ट डबा, चार दिवस चार माणसं, आणि सगळं परत घेऊन यायचं. त्याला तिकडे ग्रूव्हर म्हणतात, पूर्वी बंदुकीच्या गोळ्यांचे लोखंडी डबे वापरायचे आणि बसल्यावर मांड्यांवर वळ उठायचे म्हणून ते नाव (ग्रूव्ह म्हणजे खाच). तो कुठल्या कनूत ठेवायचा यावर आमच्यात चिठ्ठ्या टाकल्या, अर्थात आमच्याकडेच आला.

पण त्याहून मोठा धक्का म्हणजे लघवी नदीतच करायची हा नियम. वाळूवर नाही, झाडामागे नाही, सरळ पाण्यात. मी कृष्णाकाठची, लहानपणी नदीत चूळ टाकली तरी आजी पाठीत धपाटा घालायची, आणि इथे माणूस अगदी गंभीरपणे सांगतोय की बाई, नदीत उभी राहा. कारण पटण्यासारखंय तसं, वाळवंटात पाऊस फारसा नाही म्हणजे वाळूवरचं काही धुऊन जात नाही, सगळ्यांचे तंबू त्याच दोन-चार वाळूच्या पट्ट्यांवर पडतात आणि मग वास मारतो. डोक्याला पटलं. पायाला पटायला दोन दिवस लागले.

आणि ते पाणी! चहा जरा जास्त दुधाचा झाला की जसा दिसतो तसा रंग. पिण्याचं पाणी बरोबर होतं पण भांड्यांना, हातपाय धुवायला आणि पुढे पुरलं नाही तर म्हणून नदीचंच वापरायचं होतं, आणि फिल्टर लावला तर पाच मिनिटांत गाळानं बंद पडतो. आम्हाला नदीवर सोडणारा शटलवाला म्हणाला अ‍ॅलम आणलंय ना? आम्ही एकमेकांकडे बघतोय, अ‍ॅलम म्हणजे काय, आणि मग माझी ट्यूब पेटली, अरे तुरटी! आषाढात नळाला गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची तीच. नवऱ्याच्या दाढीच्या डब्यात एक खडा होताच. ट्रिन अल्कोव्ह नावाच्या बाजूच्या दरीच्या तोंडाशी तंबू टाकल्यावर बादली भरली, खडा सात-आठ वेळा फिरवला आणि बाजूला ठेवली. आधी काहीच नाही. मग पाण्यात बारीक बारीक पुंजके दिसायला लागले, दूध नासल्यासारखे, आणि ते सावकाश खाली बसत गेले. गाळाच्या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात, तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तो भार मारतं की ते चिकटतात आणि जड होऊन बसतात, हे मी गूगल न करता सांगू शकले कारण केमिस्ट्री झालीये माझी, पण इतक्या वर्षांत कधी बसून बघितलं नव्हतं. सकाळी बादलीच्या तळाशी बोटभर चिखल आणि वर स्वच्छ पाणी. (प्यायला तरी गाळून उकळायचंच, तुरटीनं जंतू मरत नाहीत.)

तिसऱ्या दिवशी बोनॉट बेंड. नदी साधारण ७ मैलांचा वळसा घालून जवळजवळ त्याच जागी परत येते, मध्ये फक्त दगडाची एक अरुंद धार. १८६९ मध्ये एका हाताचा अमेरिकन संशोधक मेजर पॉवेल इथून होड्या घेऊन गेला, लॅबिरिंथ हे नाव त्याचंच. त्या धारेवर चढलो तर डावीकडे नदी, उजवीकडे तीच नदी, आणि मैत्रीण म्हणाली की कनू उचलून पलीकडे न्यायच्या का. हसलो तेव्हा, पण दुपारी समोरून वारा सुटला आणि वल्ही मारून मारून आम्ही मागे जायला लागलो, तेव्हा कोणी हसत नव्हतं. शेवटी किनाऱ्याला लागायला उतरले तर गुडघाभर चिखल, पाय निघाला, चप्पल राहिली. कोपरापर्यंत हात घालून शोधली. नाहीच.

चौथ्या दिवशी हेल रोअरिंग कॅन्यनमध्ये दगडावर कोरलेलं बघितलं, डी. ज्युलियन, ३ मे १८३६, शेजारी छोटीशी होडी. केसाळ कातड्यांचा व्यापार करणारा फ्रेंच वंशाचा माणूस, पॉवेलच्याही ३३ वर्षं आधी. मी एका पायात चप्पल आणि एका पायात मोजा अशी उभी होते त्याच्यासमोर.

मिनरल बॉटमहून वर येणारा घाट मात्र वरंध्याला लाजवेल असला, कच्चा, कठडा नाही, मागे कनूंचा ट्रेलर, आणि ड्रायव्हर एका हातानं सँडविच खातोय. ग्रीन रिव्हर गावात खरबुजं फार प्रसिद्ध, रस्त्याकडेच्या टपरीवर एक घेतलं आणि गाडीच्या बॉनेटवरच कापलं, चौघांनी पाच मिनिटांत संपवलं. ग्रूव्हर रिकामा करायचं काम कोणाचं यावर घरी पोचेपर्यंत भांडण चालू होतं.