तुम्ही विचारलंत म्हणून: आजारपण पुन्हा कशाला उगाळायचं?

मी माझ्या आजारपणाच्या आठवणी लिहितेय असं कळलं की हा प्रश्न हमखास येतो. "बरी झालीस ना, मग तेच तेच कशाला उगाळतेस?" विचारणारी माणसं जिव्हाळ्याची असतात, म्हणून नीट सांगते.

उगाळायला आधी आठवावं लागतं. मला सेप्सिस झालं होतं, म्हणजे जंतुसंसर्गाशी झुंजता झुंजता शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटलं होतं. अकरा दिवस मी व्हेंटिलेटरवर होते. त्या दिवसांतलं माझ्यापाशी उरलं होतं ते एवढंच: मी एका जहाजाच्या तळाशी अंधारात पडलेय, कुणीतरी माझे हात बांधलेत आणि ताई दारातून नुसती बघतेय. घरी आल्यावरही मला ते खरंच वाटायचं. ताई औषध घेऊन जवळ आली की मी अंग चोरायचे. का, ते तिला सांगायची हिंमत नव्हती.

अतिदक्षता विभागात असे भास अनेकांना होतात. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. स्वप्न उठल्यावर विरून जातं. हे भास मात्र खऱ्या आठवणीसारखे ठाण मांडून बसतात.

ताईने त्या दिवसांत एक वही ठेवली होती. दोन महिन्यांनी तिने ती माझ्या हातात दिली. चौथ्या दिवशीची नोंद अशी: "ताप १०२. लघवी कमी. नळी ओढते म्हणून हात मऊ पट्ट्यांनी बांधलेत. सिस्टरना विचारलं, टोचत नाही ना? नाही म्हणाल्या. वेळ संपली, काचेतून बघून आले."

ते पान मी कितीदा वाचलं असेन! हात बांधले होते, ते खरंच होतं. ताई बघत उभी होती, तेही खरं. फक्त जहाज नव्हतं.

त्याच दिवशी मी लिहायला बसले. बोटांत ताकद नव्हती, तीन ओळींत हात भरून आला. पण एका बाजूला माझी आठवण आणि दुसऱ्या बाजूला ताईची नोंद, असं लिहीत गेले.

पुढे कळलं की अशा वह्या युरोपातल्या अनेक अतिदक्षता विभागांत परिचारिका आणि नातेवाईक मिळून मुद्दाम लिहितात. २०१० साली सहा देशांतल्या बारा रुग्णालयांमधल्या ३५२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना महिन्याभराने वही मिळाली, त्यांच्यात आघातोत्तर मानसिक विकार नव्याने सुरू होण्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. ज्यांना तेव्हा मिळाली नाही, त्यांच्यात १३ टक्के.

लिहिताना त्रास झाला नाही का? झाला. १९८६ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनावरच्या आघाताबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच उदास वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. माझ्या फेऱ्या काही मी मोजल्या नाहीत. झोप उडाली की मी आठवडाभर वही बंद ठेवायचे, आणि नुकतंच घरी आलेल्या कुणालाही लगेच लिहायचा आग्रह करत नाही.

ताईच्या वहीत सातव्या आणि आठव्या दिवशी नुसते आकडे होते. एक शब्द नाही. मी विचारलं, तर ताई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना बोलावून घ्या. ते लिहिलं असतं तर खरं झालं असतं, असं वाटलं गं."

ते दोन दिवस मग तिने सांगायचे आणि मी लिहायचे, असं ठरलं. पाऊण पान झालं असेल. तिने माझ्या हातून पेन काढून घेतलं, वही स्वतःकडे ओढली आणि लिहीतच राहिली. मी शेजारी बसून होते. त्या पानांत मी एक काना-मात्राही बदललेली नाही.