आधी आठवडाभर नुसतं लिहा, मग ठरवा: कार्ब्स की कॅलरी

कार्ब्स, म्हणजे भात, ब्रेड, साखर यांतली कर्बोदकं, कमी करून वजन उतरतं. कॅलरी मोजूनही उतरतं. कशाने जास्त उतरतं यावर लोक इतकी वर्षं भांडत आले, पण उत्तर तसं साधंच निघालं. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला. निम्म्यांना फॅट कमी करायला सांगितलं, निम्म्यांना कार्ब्स. निकाल २०१८मध्ये छापून आला. कमी फॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो घटलं, कमी कार्ब्सवाल्यांचं ६ किलो. म्हणजे फरक धरण्यासारखा नाही. कॅलरीचा आकडा कोणालाच दिलेला नव्हता, तरी दोन्ही गट रोज पूर्वीपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी खाऊ लागले होते. जनुकांवरून किंवा इन्शुलिन किती स्रवतं यावरून कोणाला कोणता आहार मानवेल हे सांगता येईल, अशी अपेक्षा होती. तीही फोल ठरली.

मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एकाच गटात, एकच सल्ला ऐकून, कोणी पंचवीस किलोहून जास्त उतरलं, तर कोणाचं वजन उलट वाढलं. दोन आहारांमधल्या फरकापेक्षा माणसामाणसांतला फरक कितीतरी मोठा होता. त्यामुळे 'चांगलं काय' हे विचारण्यात फार अर्थ नाही. तुमचं गाडं कोणत्या पद्धतीत आणि नेमकं कुठे अडेल, हे शोधायला हवं.

आधी कार्ब्सचं बघू. आपण खाल्लेल्या कार्ब्सपैकी काही शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कार्ब्स एकदम तोडले की हा साठा रिकामा होत जातो आणि पाणीही निघून जातं. शिवाय इन्शुलिन खाली आल्यामुळे मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात, त्याबरोबर आणखी पाणी जातं. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली दिसतो तो मुख्यतः यामुळे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, एवढी तूट पाच-सात दिवसांत सहसा कोणी काढत नाही. तेव्हा पहिल्या आठवड्याचा आकडा हिशेबात धरूच नका, दुसऱ्या आठवड्यापासून मोजा. याच दिवसांत डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पायात गोळे येणं हेही होतं. बऱ्याचदा कारण मीठ आणि पाणी कमी पडणं हेच असतं. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर जेवणात थोडं मीठ वाढवून ते थांबतं.

मग चरबी कशामुळे जाते? यात जादू काही नाही. कार्ब्स कमी झाले की ताटात प्रथिनं वाढतात, आणि प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. प्रथिनं पचवण्यातच त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते. कार्ब्समध्ये हा खर्च ५ ते १० टक्के, फॅटमध्ये जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत. दुसरं म्हणजे, 'कार्ब्स' म्हणून आपण जे सोडतो त्यात नुसते कार्ब्स नसतात. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे ८७ कॅलरी. तेवढ्याच वजनाच्या बटाट्याच्या चिप्समध्ये ५३० च्या वर, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक तेलातून आलेल्या. चिप्स, बिस्किटं, केक, आइस्क्रीम बंद झाली तर साखर आणि स्टार्चबरोबर फॅटही गेलं. श्रेय मात्र सगळं कार्ब्स सोडण्याला मिळतं.

आता ही पद्धत फसते कुठे ते. साखर-भात-ब्रेडची जागा चीज, बदाम, शेंगदाणे, लोणी घेतात आणि 'हे चालतं' म्हणून हात आखडत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६७ कॅलरी असतात. गप्पा मारता मारता तेवढे सहज संपतात. चीज साधारण ४०० च्या घरात. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०२१च्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे कमी फॅटचा वनस्पतिजन्य आहार आणि दोन आठवडे अगदी कमी कार्ब्सचा, मांस-अंडी-फॅटवाला आहार दिला. खाण्यावर बंधन काहीच नव्हतं. कमी फॅटच्या आहारात लोकांनी रोज जवळपास ६९० कॅलरी कमी खाल्ल्या, आणि तरीही भूक जास्त लागल्याची तक्रार नव्हती. कार्ब्स तोडले की खाणं आपोआप आटोक्यात येतं हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही, ते असं.

सर्वांत वाईट स्थिती म्हणजे अर्धवट कार्ब्स तोडणं. सकाळच्या कॉफीत क्रीम, दिवसभर भाज्यांवर तेल सढळ, आणि संध्याकाळी राहवत नाही म्हणून दोन वाट्या भात. म्हणजे फॅट वाढलं आणि कार्ब्सही राहिले. सर्वसाधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स असतील तर त्याला लो-कार्ब म्हणतात, आणि ५० च्या खाली गेलं की कीटो. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कार्ब्स असतात, म्हणजे २०० ग्रॅमच्या वाढपात कीटोवाल्याचा अख्खा दिवस संपतो. नुसतं वजन कमी करायचं असेल तर कीटोपर्यंत जायची गरज मला दिसत नाही. १०० ते १३० ग्रॅम ठेवून प्रथिनं नीट घेतली तरी काम होतं, आणि फळं, कडधान्यं, फायबर हातचे जात नाहीत. फायबर गेलं की बद्धकोष्ठाची तक्रार बऱ्याचदा येते.

पाकिटावरचं लेबल वाचतानाही एक फसगत होते. अमेरिकी लेबलवर एकूण कार्ब्समध्ये फायबर धरलेलं असतं, तर युरोपीय लेबलवर ते आधीच वेगळं काढलेलं असतं. 'नेट कार्ब्स', म्हणजे फायबर सोडून उरलेले कार्ब्स, काढण्यासाठी युरोपीय आकड्यातून पुन्हा फायबर वजा केलं तर हिशेब खोटा येतो. 'शुगर-फ्री' चॉकलेटमध्ये साखरेऐवजी घातलेलं माल्टिटॉलही शून्य धरू नका. त्याच्या ग्रॅमला दोनाहून जास्त कॅलरी असतात आणि रक्तातली साखरही त्याने चढते.

औषधं घेणाऱ्यांनी मात्र कार्ब्सना डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये, इथे मी कडकच आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कार्ब्स अचानक तोडले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर तर साखर फारशी वाढलेली न दिसताही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं, होऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब उतरून चक्कर येते, डोस बदलावा लागतो. काहींचं एलडीएल कोलेस्टेरॉल कमी कार्ब्सच्या आहारात बरंच वाढतं, म्हणून सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी रक्त तपासून घ्यावं.

कॅलरी मोजणं कागदावर जास्त सरळ. रोजचा खर्च काढायला मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९०चं सूत्र बऱ्यापैकी चालतं. किलोतलं वजन गुणिले १०, त्यात सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५ मिळवा, वय गुणिले ५ वजा करा. पुरुषांसाठी शेवटी ५ मिळवा, स्त्रियांसाठी १६१ वजा करा. ८० किलो, १६५ सेंटिमीटर, ४० वर्षांच्या बाईचा आकडा येतो १,४७०. हा नुसता पडून राहण्याचा खर्च. थोडंफार चालणं-फिरणं असेल तर १.३७५ ने गुणा, साधारण २,०२० होतात. त्यातून ५०० काढले की उरले सुमारे १,५२०. तुटीच्या हिशेबाने आठवड्याला अर्ध्या किलोच्या जरा खाली घट बसते. हालचालीचा गुणक निवडताना बहुतेक जण स्वतःला एक पायरी वर चढवतात, म्हणून शंका असेल तर खालचाच घ्या.

मोजण्यासाठी एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा लागतो. वाटी आणि चमचा ही मापं इथे कामाची नाहीत. सगळ्यात जास्त चूक होते ती तेलात. १५ मिलिलिटरचा एक चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि अंदाजाने ओतलेला 'एक चमचा' बहुतेकदा दीड-दोन असतो. सोपी युक्ती अशी: तेलाची बाटली काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, हवं तेवढं तेल ओता, बाटली पुन्हा ठेवा. उणे १५ दिसलं तर १५ ग्रॅम तेल गेलं, म्हणजे १३५ कॅलरी.

एकत्र शिजवलेल्या पदार्थाचं लोकांना कोडं पडतं, पण तेही अवघड नाही. समजा रिकामं पातेलं ६४० ग्रॅमचं आहे. ते आधीच तोलून झाकणावर मार्करने लिहून ठेवा. त्यात कच्चा तांदूळ २०० ग्रॅम, म्हणजे ७२० कॅलरी. तेल १५ ग्रॅम, १३५. मटार १०० ग्रॅम, साधारण ८०. एकूण ९३५. शिजल्यावर पातेल्यासकट वजन १,२९५ भरलं, म्हणजे आत ६५५ ग्रॅम. ९३५ भागिले ६५५, एका ग्रॅमला १.४३ कॅलरी. ताटात २२० ग्रॅम घेतलं तर ३१५ च्या आसपास. पाण्यामुळे कॅलरी वाढत नाहीत, फक्त पसरतात. अॅपमध्ये 'तांदूळ' शोधून पहिला सापडेल तो आकडा टाकणारे इथेच गडबडतात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३६० आणि शिजलेल्यात १३०, जवळजवळ तिप्पट फरक.

मोजण्याची पद्धत फसते ती मुख्यतः न मोजलेल्या गोष्टींमुळे. १९९२मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 'रोज १,२०० च्या आत खातो, तरी वजन हलत नाही' म्हणणाऱ्यांचा खरा खर्च आणि खरं खाणं मोजलं. त्यांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होतं, आणि व्यायाम ५१ टक्के जास्त सांगितलेला. चयापचय ठीकच होता. ही माणसं खोटं बोलत होती असं मुळीच नाही. चव बघताना गेलेले घास, मुलांच्या ताटातलं उरलेलं, दुधाची कॉफी, असल्या गोष्टी लक्षातच राहत नाहीत. घड्याळाने दाखवलेल्या व्यायामाच्या कॅलरी तर खाऊन भरून काढूच नका, ते आकडे फार ढोबळ असतात. लेबलचा आकडाही देवाची करणी नव्हे. अमेरिकी नियमांत खरा आकडा लिहिलेल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाला तरी चालतो. म्हणून एकेका कॅलरीचा पाठलाग करण्यात हशील नाही. चूक रोज सारखीच होत असेल तर तुलना बिघडत नाही.

ठरवायचं कसं, तर सात दिवस काहीही न बदलता सगळं तोलून लिहा. त्यात शनिवार-रविवार हवेत. मग बघा, कॅलरी येतात कुठून. गोड पेयं, ब्रेड, भात, बिस्किटं यांतून निम्म्याहून जास्त येत असतील तर कार्ब्सचा नियम तुम्हाला सोपा जाईल. 'हे नाही खायचं' एवढंच लक्षात ठेवायचं, रोजचा हिशेब नको. तेल, तळण, सुका मेवा, चीज यांत आकडा मोठा असेल तर कार्ब्स तोडून काही साधणार नाही, मोजा. पदार्थ ठीकच आहेत पण वाढप मोठं आहे असं दिसलं, तरी मोजा. बाहेर वारंवार खावं लागत असेल तर मोजणं अंदाजावरच चालतं, तिथे नियम बरा. आणि पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला असेल, किंवा आकडा चुकला की दिवसभर मन खात असेल, तर काटा घरात आणू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी दोन्ही भानगडीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पडू नये.

कोणतीही पद्धत घ्या, प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम ठेवा. वजन फार जास्त असेल तर गाठायच्या वजनावर हिशेब करा. तूट असताना प्रथिनं कमी पडली की स्नायूही जातात. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचललीत तर ते आणखी वाचतात.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा आणि सात दिवसांची सरासरी लिहा. खारट जेवण, पाळी, व्यायामाने दुखलेले स्नायू यांमुळे काटा किलो-दीड किलो सहज वर-खाली होतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. सलग तीन आठवडे सरासरी हलली नाही तरच हात घाला. आधी चार दिवस पुन्हा काटेकोर तोला, कारण बहुतेकदा मोजणं सैल झालेलं असतं. ते ठीक निघालं तर दिवसाला १०० ते १५० कॅलरी काढा, किंवा कार्ब्सवाले असाल तर फॅटचं वाढप कमी करा. वजन उतरलं की खर्चही उतरतो. वरच्या उदाहरणातली बाई १० किलो उतरली तर सूत्राप्रमाणेच तिचा खर्च सुमारे १४० कॅलरींनी घटतो, प्रत्यक्षात शरीर त्याहून थोडं जास्तच काटकसर करतं. म्हणून दर पाच किलोंनंतर आकडा पुन्हा काढा.