तुम्ही विचारलंत म्हणून: डेमसाठी मी उभी का राहिले

प्रश्न ठरलेला असतो. मुंबईहून दीर विचारतात, ऑफिसातला मायामीचा चाहता विचारतो, मंडळाच्या गणपतीत भेटलेली माणसंही विचारतात. "तुमचा तो डेमियन लिलार्ड तुम्हाला सोडून गेला, तरी तो दुसऱ्या क्लबकडून इथे खेळायला आला तेव्हा तुम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतात. राग नाही आला?" डेम म्हणजे हाच लिलार्ड, अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या आमच्या पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स क्लबचा खेळाडू. 2024 च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली गेली, त्या आठवड्यात तर हा प्रश्न जरा जास्तच खोचकपणे आला. तुमच्याकडे बघा, आमच्याकडे बघा, असा.

राग आला होता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी संतमाणूस असल्याचा गैरसमज व्हायला नको.

1 जुलै 2023 ला बातमी आली की डेमने क्लबकडे दुसरीकडे पाठवण्याची मागणी केली आहे. अकरा मोसम, 2014 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या 0.9 सेकंदातला तो शॉट, 2019 मध्ये ओक्लाहोमाविरुद्धचा सदतीस फुटांवरचा शॉट आणि त्यानंतर हात हलवून केलेलं बाय-बाय, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. त्या सदतीस फुटांच्या शॉटला मी घरात इतक्या जोरात ओरडले होते की माझ्या मांडीवर झोपलेली सात वर्षांची लेक दचकून रडायला लागली. तिला बास्केटबॉलचं वेड लागलं ते तिथून. तिच्या खोलीत डेमची शून्य नंबरची जर्सी आली ती तेव्हा.

मागणीचं मला आश्चर्य वाटलं नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, आमच्या क्लबच्या हातात तिसरी निवड होती. ती देऊन कुणी अनुभवी खेळाडू आणता आला असता. त्याऐवजी त्यांनी एकोणीस वर्षांच्या स्कूट हेंडरसनला घेतलं. डेम तेहतीसचा होणार होता, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने एका सामन्यात 71 गुण केले होते, आणि क्लब मात्र पाच वर्षांनंतरचा संघ बांधायला निघाला होता. त्या वयात कुणाला थांबायला वेळ असतो? क्लबचंही चूक नव्हतं. 2019 मध्ये कॉन्फरन्सच्या फायनलला, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीत, गोल्डन स्टेटने चारही सामन्यांत हरवलं, त्यानंतर संघ पुढे सरकतच नव्हता.

मला लागलं ते मायामीचं. जायचं तर फक्त मायामीला, दुसरीकडे कुठेही नाही, असा हट्ट. वर्षभरापूर्वीच त्याने दोन वर्षांची, सुमारे 122 दशलक्ष डॉलरची मुदतवाढ घेतली होती. एवढा करार खिशात असताना एकाच क्लबचं नाव घेतलं की आपल्या क्लबला बदल्यात काय मिळणार? दुसरा कोणी बोलीच लावणार नाही. शेवटी जुलैच्या अखेरीस लीगलाच सगळ्या क्लबांना पत्र पाठवून ताकीद द्यावी लागली, की दुसऱ्या क्लबकडून खेळणार नाही असं पुन्हा सुचवलं तर डेमवर कारवाई होईल. आमच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर मी तेव्हा लिहिलं होतं, "जा बाबा, पण आम्हाला रिकाम्या हाताने सोडून जाऊ नकोस." ते वाक्य आजही मागे घेणार नाही. सप्टेंबरअखेर क्लबने त्याला मायामीला न देता मिल्वॉकीला दिलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. एवढी वर्षं ज्याच्यावर जीव लावला, त्याला हवं ते मिळालं नाही म्हणून बरं वाटलं. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण खरं तेच आहे.

आता त्या संध्याकाळचं सांगते. 31 जानेवारी 2024, बुधवार. लेक आता बारा वर्षांची. हिल्सबोरोहून मॅक्स ट्रेनने आम्ही दोघी रोझ क्वार्टरला उतरलो. डब्यात निम्म्याहून अधिक लोकांच्या अंगावर शून्य नंबर होता. कुणी घरची काळी-लाल जर्सी घातलेली, कुणी मुद्दाम मिल्वॉकीची. लेकीने साधा करडा स्वेटर घातला होता. जर्सी घरीच कपाटात होती, आणि मी तो विषय काढला नव्हता.

आमच्या जागा अगदी वर, जिथून छताला टांगलेले निवृत्त नंबर, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानार्थ पुन्हा कुणाला न दिलेले नंबर, जवळ वाटतात आणि खेळाडू लांब. त्याचं नाव पुकारलं आणि अख्खं मोडा सेंटर, आमचं स्टेडियम, उभं राहिलं. मी उभी राहिले. ठरवून नाही, अंगच उठलं. टाळ्या थांबेनात. खाली तो छातीवर हात ठेवून चारी बाजूंना बघत होता. माझ्या पुढच्या रांगेतला एक पिकल्या दाढीचा माणूस हुंदके देत होता, त्याच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा कलंडून दाणे माझ्या बुटांवर सांडत होते, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

लेक बसून होती. हात मांडीखाली दाबलेले, नजर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. चहूबाजूंनी उभ्या माणसांच्या भिंतीत ती एकटीच बसलेली. मी खांद्याला हात लावला तर तिने खांदा झटकला. मला आधी लाज वाटली, लोक काय म्हणतील म्हणून. मग स्वतःचीच चीड आली, कारण तिच्यात बसून राहण्याची ताकद होती आणि मला ती वाईट सवय वाटत होती.

सामना आम्ही जिंकलो, 119-116. आमच्या सायमन्सने शेवटी बाजी मारली, तेव्हा ती पहिल्यांदा उठली आणि नाचली. मला नाचता येईना.

परतीच्या ट्रेनमध्ये ती म्हणाली, "आई, तो दर वर्षी सांगायचा ना, मला इथेच जिंकायचंय म्हणून? मग?"

मी म्हटलं, "अगं, डेमचा जोडीदार मॅकॉलम, त्याला 2022 मध्ये क्लबने न्यू ऑर्लिन्सला पाठवलं. साडेआठ मोसम खेळला तो इथे. तेव्हा कुणी म्हणालं का की क्लबने शब्द मोडला?"

"मॅकॉलमला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

डेमला तिने पत्र लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. कधी, काय, ते तिने सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

मग मी छताकडच्या त्या नंबरांची गोष्ट काढली. 32 नंबर बिल वॉल्टनचा. 1977 ला आमच्या क्लबला आजवरची एकमेव ट्रॉफी मिळाली ती त्याच्यामुळे. पुढच्याच वर्षी, पायाच्या दुखापतीवर क्लबने केलेल्या उपचारांवरून बिनसलं, त्याने दुसरीकडे पाठवायची मागणी केली, अख्खा मोसम बाहेर बसला आणि 1979 ला सॅन डिएगोला गेला. 22 नंबर क्लाइड ड्रेक्सलरचा. त्यानेही मागणी केली, फेब्रुवारी 1995 मध्ये ह्यूस्टनला गेला आणि त्याच वर्षी तिथे चॅम्पियन झाला. क्लबसाठी सर्वाधिक गुणांचा त्याचा विक्रम पुढे डेमनेच मोडला. म्हणजे या गावाने ज्यांना डोक्यावर घेतलं त्यातले तिघे इथून जायला मागत होते, आणि त्यातल्या दोघांचे नंबर गावाने छताला टांगले आहेत. मला वाटलं, हा मुद्दा बिनतोड आहे.

"मग ते उतरवायला हवेत," ती म्हणाली.

दीर हे ऐकून हसले. मला हसू येत नाही. तुम्हाला उभं राहण्याचं कारण हवं असतं आणि माझ्याकडे जे आहे ते असं आहे: या परक्या गावात पहिल्या काही वर्षांत ऑफिसात माझ्याशी कुणी धड दोन वाक्यं बोलत नव्हतं. सकाळी कॉफीच्या मशीनपाशी "काल डेम पाहिलास?" एवढंच विचारत. मी पाहू लागले ते उत्तर देता यावं म्हणून, आणि मग ते माझं झालं. त्याने मला काही वचन दिलं नव्हतं, त्याला माझं नावही ठाऊक नाही. ते ऋण मात्र खरं आहे. एका जुलैने ते फिटत नाही.

एप्रिल 2025 मध्ये इंडियानाविरुद्ध त्याची टाचेची शीर तुटली, मिल्वॉकीने करार मोडला, आणि त्याच उन्हाळ्यात तो तीन वर्षांसाठी पोर्टलंडला परत आला. आता सगळे विचारतात, झालं ना मग, मिटलं ना? काय मिटलं? मधली दोन वर्षं झालीच नाहीत असं कसं म्हणू? नव्या करारात त्याने एक कलम घालून घेतलंय: त्याच्या संमतीशिवाय क्लब त्याला कुठेही पाठवू शकत नाही. मला ते आवडलं आणि खुपलंही. क्लबने त्याला पाठवायचं नाही, हे ठीक. त्याने पुन्हा जायचं नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

लेक सामने बघते, त्याच्याबद्दल बोलत नाही. जर्सी कपाटातच आहे. तिला ती टाकून द्यायची का, असं मी एकदा विचारलं, तर नको म्हणाली. घालणार का, विचारलं, तर तेही नको म्हणाली.