दस्तावरचा अंगठा आणि बँकेतला अंगठा

भाड्याच्या घराचा करार आता दुय्यम निबंधक कार्यालयात न जाता घरबसल्या नोंदवता येतो. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठा घेण्याचे यंत्र घेऊन घरी येतो. आधी घरमालकाचा, मग भाडेकरूचा अंगठा काचेवर टेकवला जातो, ठसा नीट उमटला नाही तर बोट पुसून पुन्हा टेकवायला सांगितले जाते, आणि काही दिवसांत नोंदवलेल्या कराराची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते. माझ्याकडे आलेल्या अशा पीडीएफचे गोषवाऱ्याचे पान मी मोठे करून पाहिले. त्यात नाव होते, पत्ता होता, छायाचित्र होते आणि शेजारच्या चौकटीत अंगठ्याचा ठसा होता. हीच फाइल पुढे सोसायटीच्या कार्यालयात, पोलीस पडताळणीसाठी, गॅस एजन्सीकडे आणि नोकरीच्या ठिकाणी जाते आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणी कोणाच्या ना कोणाच्या फोनमध्ये राहून जाते.

यात वावगे काही आहे असे सहसा कोणाला वाटत नाही, कारण कागदावर अंगठा उठवण्याची आपल्याला पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. शिवाय कायद्याचीच तशी अपेक्षा आहे. नोंदणी अधिनियम १९०८ मध्ये २००१ साली कलम ३२ अ घालण्यात आले आणि दस्त नोंदवणाऱ्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे दस्तावर असणे बंधनकारक झाले. खोटा माणूस उभा करून जमीन लाटण्याचे प्रकार थांबावेत, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. त्याच अधिनियमाने स्थावर मालमत्तेचे नोंदवलेले दस्त कोणालाही शुल्क भरून पाहण्याची मुभा पूर्वीपासून दिलेली आहे, कारण जमिनीचा व्यवहार चारचौघांना कळावा हाच नोंदणीचा मूळ उद्देश आहे. म्हणजे ठसा दस्तावर हवा आणि दस्त लोकांना पाहता यायला हवा, या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या. अडचण आली ती तिसऱ्या गोष्टीमुळे. तोच ठसा बँकेतले पैसे काढण्यासाठी चालू लागला.

आधार आधारित पेमेंट प्रणाली, म्हणजे एईपीएस, ही एनपीसीआयने, म्हणजे देशातली डिजिटल पेमेंटची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेने, उभी केलेली व्यवस्था आहे. गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने व्यवहार करून देणाऱ्या माणसाकडे, किंवा सेवा केंद्रात जायचे, बँकेचे नाव आणि १२ अंकी आधार क्रमांक सांगायचा, यंत्रावर बोट ठेवायचे, की रोख रक्कम हातात. कार्ड नको, पिन नको, फोनवर येणारा ओटीपी नको. एटीएम जिथून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे अशा गावांत या व्यवस्थेने फार मोठे काम केले आहे. ‘लाडकी बहीण’चे दरमहा १५०० रुपये काढायला तालुक्याला जाण्याचे एसटीभाडे आणि बुडणारी मजुरी ज्या बाईला परवडत नाही, तिला हा अंगठा सोयीचाच आहे. म्हणून ही व्यवस्था बंद करा, असे मी म्हणणार नाही.

पण तिच्या रचनेकडे पाहा. बँकेचे नाव अंदाजाने सांगता येते. आधार क्रमांकाच्या झेरॉक्स हॉटेलच्या काउंटरपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत सगळीकडे पडलेल्या असतात. उरतो तो ठसा, आणि तो दस्तावर छापलेला असतो, बऱ्याचदा त्याच दस्ताला आधारकार्डाची प्रतही जोडलेली असते. एका कागदात सगळा ऐवज.

ही नुसती शंका नाही. २०१८ साली तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या ठशांवरून रबरी ठसे बनवले आणि त्या लोकांच्या नावावर हजारो सिमकार्डे सुरू केली. कारण काय, तर कंपनीने दिलेले विक्रीचे लक्ष्य गाठायचे होते. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, बेंगळुरूत तक्रारी येऊ लागल्या. घर किंवा प्लॉट यांची नुकतीच नोंदणी केलेल्या लोकांच्या खात्यांतून एईपीएसमार्फत पैसे जात होते, आणि नोंदणीच्या संगणकप्रणालीत ठेवलेल्या दस्तांवरून ठसे उचलले गेल्याचे पोलीस तपासात पुढे आले. त्यानंतर कर्नाटकाने संगणकावर दिसणाऱ्या दस्तांतले ठसे झाकायला घेतले. तेलंगणात जे दिसले होते त्यावरून हे पाच वर्षे आधीच करता आले असते, हे वेगळे सांगायला नको.

कागदावरच्या ठशावरून बोट बनते तरी कसे, असे अनेकांना वाटते. ठशाची स्वच्छ प्रतिमा छापून घेतली, तिचा साचा केला आणि त्यात रबर किंवा सिलिकॉनसारखा पदार्थ ओतला की रेषांचे उंचसखलपण उतरते. जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या तज्ज्ञांच्या गटाने २००८ साली तिथल्या गृहमंत्र्यांचा पाण्याच्या पेल्यावरून मिळवलेला ठसा आपल्या मासिकातून सगळ्यांना वाटला होता. २०१३ मध्ये बोटाने उघडणारा पहिला आयफोन बाजारात आला, तोही याच मंडळींनी काही दिवसांत खोट्या बोटाने उघडून दाखवला. २०१४ च्या डिसेंबरात तर त्यांच्यातल्या एकाने तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांचा ठसा जाहीर कार्यक्रमात काढलेल्या छायाचित्रांवरून तयार केला. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांची माहिती २०१५ मध्ये चोरीला गेली, तिच्यात ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे होते. पासवर्ड चोरीला गेला तर तो दुसऱ्या दिवशी बदलता येतो. त्या ५६ लाखांना बोटे बदलून मिळाली नाहीत.

आधार देणारी सरकारी संस्था युआयडीएआय स्वस्थ बसली आहे असे नाही. ठसा घेणारी यंत्रे आता नोंदणीकृतच असावी लागतात. अशा यंत्रातून ठसा कूटबद्ध होऊनच बाहेर पडतो, त्यामुळे संगणकात साठवून ठेवलेला जुना ठसा परत पाठवण्याची युक्ती चालत नाही. मात्र काचेवर ठेवलेले बोट रबराचे असेल तर यंत्र तेच प्रामाणिकपणे कूटबद्ध करून पाठवते. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये बोट जिवंत आहे की नकली, हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपासण्याची सोय जोडल्याचे जाहीर झाले. त्याने चोराचे काम अवघड झाले आहे, पण अशी तपासणी म्हणजे पकडणारा आणि चकवणारा यांची शर्यत असते, आणि दस्तावर एकदा गेलेला ठसा मात्र कायमचा बाहेर राहतो.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार आहे, त्याला रबरही लागत नाही. ‘मावशी, ठसा लागला नाही, पुन्हा लावा’ असे म्हणून दोनदा बोट ठेवून घ्यायचे, पहिल्या वेळचे पैसे स्वतःच्या खिशात आणि दुसऱ्या वेळचे मावशींच्या हातात. शेतात राबलेल्या, भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे खरोखरच लागत नाहीत, त्यामुळे खोटे बोलणारा आणि खरे बोलणारा यांच्यात फरक करणे मावशींना शक्य नसते. पावती मागितली तर ‘रोल संपला आहे’ हे उत्तर ठरलेले असते. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये या केंद्रचालकांबाबत निर्देश काढले, ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. चालकाची नीट पडताळणी करणे, तीन महिने काम बंद असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी केवायसी नव्याने घेणे आणि त्याच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणे ही जबाबदारी त्यांनी बँकांवर टाकली आहे. उशिरा का होईना, योग्य जागी बोट ठेवले आहे.

सामान्य माणसाच्या हाती असलेला मुख्य उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा संकेतस्थळावर ओटीपी देऊन आपले ठसे, डोळ्यांची प्रतिमा आणि चेहरा यांची पडताळणी बंद करता येते आणि लागेल तेव्हा थोड्या वेळापुरती उघडता येते. शहरात राहणाऱ्या, यूपीआय आणि कार्ड वापरणाऱ्या माणसाने हे आजच करावे. त्याचे काहीही अडत नाही. भाडेकराराच्या नोंदणीच्या वेळी लॉक उघडायचे, एजंट गेला की पुन्हा लावायचे, इतकेच.

गावाकडे मात्र हा सल्ला तसाच देता येत नाही. माझ्या एका मावशींचे लॉक लावायचे ठरवले तेव्हा पहिला प्रश्न रेशनचा आला. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लागतो, नोव्हेंबरात हयातीच्या डिजिटल दाखल्यासाठी ठसा किंवा चेहरा लागतो, आणि लॉक असेल तर हे सगळेच अडते. दुकानासमोरच्या रांगेत उभे राहून स्वतःच्या फोनवर ओटीपी घेऊन लॉक उघडणे ही अपेक्षा, ज्यांचा आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाकडे मुंबईत आहे, त्यांच्याकडून करता येत नाही. माझ्या मते या व्यवस्थेतला खरा दोष इथेच आहे. कुलूप माणसाला आहे, कामाला नाही. ‘रेशनसाठी माझा अंगठा चालू द्या, पैसे काढण्यासाठी नको’ असे त्या लॉकला सांगताच येत नाही, आणि ज्याला सर्वांत जास्त संरक्षण हवे त्यालाच ते घेणे सर्वांत महाग पडते.

मे २०२२ मधला प्रसंगही बोलका आहे. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्या, अशी सूचना युआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने २७ तारखेला काढली, आणि गैरसमज होऊ शकतो म्हणून २९ तारखेला ती मागे घेण्यात आली. सूचना गेली तरी मास्क्ड आधारची सोय आहे, आणि हॉटेलात किंवा सोसायटीत तेच द्यावे. नोंदणी विभागांनाही एक सोपा मार्ग आहे. महाराष्ट्रात व्यवहाराची माहिती देणारी जी सूची क्रमांक दोन मिळते, तिच्यात ठसा नसतो आणि तरीही मालमत्ता कोणी कोणाला दिली हे तिच्यावरून कळते. नकला देतानाही ठशाची चौकट झाकली तर जाहीर नोंदीचा हेतू तिळभरही कमी होत नाही.

मावशींसाठी शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. अनुदानाचे खाते आधारशी जोडलेलेच ठेवले, पण त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे राहतील असे पाहिले. बाकीची शिल्लक दुसऱ्या बँकेत ठेवली आणि तिथे एईपीएसची सुविधा बंद करण्याचा लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पासबुक दर महिन्याला भरून आणायचे, कारण रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार तिसऱ्याच कोणी केलेल्या अशा व्यवहाराची तक्रार बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही, आणि हे तीन दिवस मुलाच्या फोनवर जाणाऱ्या एसएमएसपासून मोजले जाऊ शकतात. म्हणून मुलालाही सांगितले आहे की बँकेचा मेसेज आला की आधी आईला फोन करायचा आणि पैसे तिने काढले नसतील तर त्याच वेळी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकाला.