समजा, रागावलीच असेल तर?

‘नंतर बोलते.’ वहिनीचा एवढाच मेसेज, पुढे हसरा चेहराही नाही, की माझ्या डोक्यात खटला उभा राहतो. भाचीच्या बारशाला आत्याकडून सोन्याचं काहीतरी अपेक्षित असणार; मी नेले चांदीचे वाळे. त्यात कानात ‘कुर्र’ करून जेवायला न थांबताच निघाले. म्हणजे आता गौरी-गणपतीचं बोलावणं नाही. पाच मिनिटांत माहेर तुटलंसुद्धा! ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे ज्याला सुचलं, त्याच्याकडे फोन नव्हता, पण वहिनी नक्की असणार.

यावर घरोघरचा उपाय ठरलेला: ‘चांगला विचार कर गं.’ मला तो कधी लागू पडला नाही. आत धाकधूक चालू असताना वरून ‘सगळं छान आहे’ म्हणत बसलं की नुसतं दमायला होतं. त्यापेक्षा उलटतपासणी बरी. फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक विचारायचे, पुरावा काय? खिन्न माणसाच्या मनात असे विचार आपसूक येतात आणि तो ते न तपासताच खरे धरतो, हे त्यांनी 1960च्या दशकात मांडलं. पण माझी पंचाईत अशी, की पुरावा सापडतो. वाळे चांदीचेच होते!

म्हणून मला न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस जवळचा. 1955 पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारा हा खट्याळ माणूस म्हणतो, समजा, रागावलीच आहे. मग? वाईट वाटेल, वाटू दे. पण सगळ्यांनी सदैव तुझ्यावर खूशच असायला हवं, हा कायदा कुणी केला?

हे तो स्वतःवर आजमावून बसला होता. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरायचा, म्हणून ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर एकटी दिसेल तिच्याशी बोलला. तीसेक जणी तडक उठून गेल्या, शंभरेक जणी बोलल्या. एक भेटायला तयार झाली, तीही आली नाही. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि याची भीती गेली. (आपल्याकडच्या बागेत कुणी हे करू नये. पोलीस येतील.)

पुढे लाजऱ्याबुजऱ्या लोकांना तो केळ्याला दोरी बांधून भर रस्त्यात फिरवून आणायला सांगायचा. दादर स्टेशनबाहेर मला जमेल ते. तिथे मान वर करून बघायला सवड कुणाला आहे? शिवाजी पार्कला मात्र नको. तिथे मामेसासूबाई फिरायला येतात.