व-हाड, वऱ्हाड आणि शोधखिडकी : फॉन्ट-कन्व्हर्टरची प्रगती

मागच्या नोंदीनंतर जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा माझा कन्व्हर्टर बराच पुढे सरकलाय. आमच्या गावच्या वाचनालयाचे १९९० च्या दशकाच्या शेवटी निघालेले वार्षिकांक पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेले होते. त्यांतला मजकूर आता युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) येतो आणि वाचताही येतो. कथा-लेख जवळजवळ स्वच्छ आहेत, कविता ठीक आहेत, जाहिरातींची पानं मात्र अजून अंगावर येतात. या खेपेचा बहुतेक वेळ रूपांतरापेक्षा त्यानंतरच्या भानगडीत गेला: मजकूर डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो, पण शोधला की सापडत नाही. ही अडचण जुन्या फॉन्टांपुरती नाही. आज फोनवर टाइप केलेल्या मराठीतही ती तशीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. श्री-लिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव हे त्या काळातले फॉन्ट एकाच युक्तीवर चालत. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा एखादा तुकडा चित्र म्हणून बसवायचा, बस. युक्ती एकच असली तरी कोणत्या जागी कोणता तुकडा, हा तक्ता ज्याचा त्याचा. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये छोटी ई, जे, के, मोठी बी आणि छोटी एच असा पडलेला असतो. फॉन्ट काढून घेतला की उरतं ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी कधी नव्हताच.

वरवर वाटतं, दोन रकान्यांचा तक्ता करून 'शोधा आणि बदला' चालवलं की झालं. तसं होत नाही. आमच्या अंकांतल्या कृतिदेवची जडणघडण टाइपरायटरची आहे. ख, घ, ण, थ, ध, भ, श, क्ष ही अक्षरं त्यात अर्धा आकार अधिक उभा दंड अशी दोन तुकड्यांत येतात, आणि तो दंड म्हणजेच काना, कोड तोच. म्हणून 'खा' लिहिताना तोच कोड लागोपाठ दोनदा येतो: पहिला अक्षर पुरं करतो, दुसरा काना होतो. एकेक कोड सुटा बदलत गेलात तर ख कधीच तयार होत नाही, 'ख्' आणि पुढे लोंबकळणारा काना हाती येतो. लांब जोड्या आधी, सुटे कोड नंतर, हा क्रम मोडायचा नाही.

त्याहून वैतागवाणी आहे ती पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टात जसं दिसतं तसं साठवलेलं असतं, युनिकोडमध्ये जसं उच्चारतो तसं. 'स्थिती'ची वेलांटी जुन्या फाइलमध्ये सगळ्यांत आधी असते, मग अर्धा स, मग थ. युनिकोडला ती 'स्थ' हे पूर्ण जोडाक्षर संपल्यावर हवी. रफाराचं बरोबर उलटं: 'कीर्ती'मध्ये तो ती-च्या वेलांटीनंतर पडलेला असतो आणि त्याला मागे नेत नेत वेलांटी ओलांडून त-च्या आधी 'र्' म्हणून बसवावं लागतं. रफार आणि अनुस्वार एकत्र असलेलं एक स्वतंत्र चिन्हही आहे. ते आधी फोडून घ्यायचं, नाहीतर 'मार्गांनी'सारख्या शब्दांत अनुस्वार हरवतो. हे सगळं आता पन्नासेक ओळींच्या पायथॉन प्रोग्रॅममध्ये बसलंय आणि बिनबोभाट चालतं.

आता या खेपेचा खरा नायक: वऱ्हाडातला अर्धा र.

कृतिदेव रुळला तो हिंदीत, आणि हिंदीला हा र लागत नाही. आमच्या अंकाच्या ऑपरेटरने त्याच्या जागी सरळ आडवी रेघ ठोकली होती: 'व-हाड', 'दुस-या', 'त-हा', 'बि-हाड'. त्याला हसू नका. पहिल्या काही वर्षांतल्या मराठी संकेतस्थळांवर हेच 'दुस-या' पानोपानी दिसतं, आणि तिथे तर युनिकोड होता. आमच्या वाचनालयातले एक काकाजी पूर्वी छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांना छापील पान दाखवलं तर म्हणाले, "काहून इतकं डोकं लावता बाप्पा? आमच्या केसात (खिळ्यांच्या खोक्यात) या र-चा खिळा वेगळा राहे. कम्प्युटर आला अन् खिळा गेला."

रेघेचा र करायचा म्हणजे आधी खरी रेघ कोणती ते ओळखायला हवं. पहिला नियम सोपा होता: रेघेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा नसेल आणि पुढे य किंवा ह असेल तर 'ऱ्' करा. त्याने 'पाणी-हवा'चं 'पाणीऱ्हवा' झालं. मग शब्दयादी आणली. रेघेच्या उजवीकडचा भाग स्वतंत्र शब्द असेल तर हात लावायचा नाही. 'हवा' वाचली, 'यात्रा' वाचली, आणि नेमकं 'व-हाड' अडलं, कारण 'हाड' हा शब्द आहे. दोन्ही बाजू तपासाव्यात तर 'व' सुद्धा शब्दच! शेवटी क्रम उलटा केला. आधी र घालून तयार होणारा शब्द यादीत आहे का ते पाहायचं, असेल तर तोच धरायचा. नसेल तर रेघ तशीच ठेवायची आणि ओळ माणसासाठी बाजूला काढायची. बाजूला निघालेल्या ओळी काकाजी वाचतात. त्यांचा वेग माझ्या शब्दयादीपेक्षा चांगला आहे.

इथवर सगळं जुन्या फॉन्टाचं. पण रेघ जाऊन र आला तरी तो युनिकोडमध्ये लिहायचा कसा? इथे एक नाही, तीन वाटा आहेत. पहिली, ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि पुढे हलन्त (पाय मोडायचं चिन्ह). दुसरी, साधा र, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आणि हलन्त. तिसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी), जो दिसत नाही. चांगल्या फॉन्टात तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पहिल्या दोन युनिकोडच्या नियमांप्रमाणे समतुल्य आहेत, एनएफसी प्रमाणीकरण (समतुल्य रूपांचं एकच रूप करायची युनिकोडची रीत) चालवलं की दोन्हींचा ऱ होतो. तिसरी वाट प्रमाणीकरणाने बदलत नाही. ती युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीपासून चालत आली आहे आणि जुना मजकूर मोडू नये म्हणून आजही मान्य आहे. तेव्हा एकाच फाइलमध्ये 'वऱ्हाड' दोनदा असू शकतं आणि शोधखिडकी त्यातलं एकच दाखवते.

माझं मत ठाम आहे: पहिली वाट, म्हणजे ऱ अधिक हलन्त, हीच वापरावी. अर्थ अदृश्य चिन्हावर टांगू नये. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. तिसऱ्या वाटेने लिहिलं तर या दोन शब्दांतला फरक त्या न दिसणाऱ्या जोडकाएवढाच उरतो. कुठल्याही फॉर्मने किंवा मजकूर 'साफ' करणाऱ्या एखाद्या आज्ञावलीने तो काढून टाकला की दऱ्यांचा समुद्र होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. जोडकाचा विरोधक म्हणून मी हे म्हणत नाही, अर्धा आकार मुद्दाम दाखवायला तो उत्तम आहे. दिसण्यापुरता वापरा, शब्द ठरवायला नको. ज्यांच्या कळपाटावर (कीबोर्डवर) ऱ सापडत नाही त्यांच्यासाठी: इनस्क्रिप्ट या कळरचनेत र-च्या कळीवरच शिफ्ट दाबलं की ऱ येतो. (गंमत म्हणजे युनिकोडच्या तक्त्यात हे अक्षर द्राविडी भाषांतला र लिहायला म्हणून दिलेलं आहे. त्याचं अर्धं रूप मात्र आपल्या कामाला आलं.)

कन्व्हर्टरमध्ये म्हणून क्रम असा ठेवलाय: आधी र-हलन्त-जोडक दिसला की ऱ-हलन्त करायचा, मग एनएफसी, आणि सगळ्यात शेवटी, तेही फक्त शोधासाठी बनवलेल्या प्रतीतून, उरलेले अदृश्य जोडक आणि विभाजक (जोडाक्षर होऊ न देणारी अदृश्य चिन्हं) काढायचे. मूळ मजकुरातून ते काढायचे नाहीत. हा क्रम उलटा केला तर वर सांगितलेला समुद्र ठरलेला.

असाच गोंधळ ॲ-चा. यू+०९७२ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. तोवर लोक अ-वर चंद्र देऊन 'अॅ' लिहीत, किंवा हिंदीतला 'ऍ' वापरत. आता जालावर 'ॲप', 'अॅप' आणि 'ऍप' तिन्ही सुखाने नांदतात, आणि इथे एनएफसी काहीच मदत करत नाही, कारण नियमांच्या दृष्टीने हे तीन वेगळे शब्द आहेत. अ-वर चंद्र देऊ नका असं युनिकोड स्वतः सांगतं, पण सांगून ऐकतंय कोण! फोनचे कळपाट बनवणाऱ्यांनी अ-नंतर चंद्र दाबला की आपोआप ॲ टाकला असता तर हा प्रश्न एका पिढीत मिटला असता. आमच्या अंकांत ॲडव्होकेट मंडळी भरपूर आहेत (देणगीदारांच्या यादीत तर फारच), त्यामुळे तिन्ही रूपांचा ॲ करायचा नियम लगेच फळाला आला.

'बॅंक' आणि 'बँक' यावर मात्र मला सरळ निकाल देता येत नाही. पहिल्यात चंद्र आणि अनुस्वार ही दोन चिन्हं आहेत, दुसऱ्यात चंद्रबिंदू हे एकच. लहान अक्षरात फरक ओळखून दाखवणाऱ्याला चहा माझ्याकडून. उच्चाराला धरून पहिलं बरोबर, वापरात दुसरं जिंकलेलं. मी साठवताना चंद्र-अनुस्वार ठेवतो आणि शोधप्रतीत दोन्ही एक करतो. कोणी उलट करत असेल तर माझं भांडण नाही, पण एकाच संग्रहात दोन्ही नकोत.

लेखकसूची करताना ळ आडवा आला. पायथॉनची साधी क्रमवारी कोडच्या आकड्यांवर चालते आणि युनिकोडने ळ ठेवलाय ल-च्या शेजारी. परिणाम: काळे आधी, काशीकर नंतर. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ ह-च्या पुढे, म्हणून काशीकर आधी यायला हवेत. क्षीरसागर क-च्या शेपटाला गेले होते, ज्ञानेश्वर ज-च्या. यावर स्वतः काही लिहू नका, आयसीयू हे भाषावार क्रमवारी लावणारं तयार सॉफ्टवेअर-ग्रंथालय घ्या आणि त्याला भाषा मराठी सांगा. काम झालं.

ई-पुस्तक बांधायला सुरुवात केलीय. ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपाच्या ३.३ आवृत्तीला २०२३ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस म्हणून मान्यता मिळाली आहे, पण मला आत्ता त्यातलं नवं काही लागत नाही. लागतात दोन जुन्याच गोष्टी. एक, प्रत्येक फाइलमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवणं. ज्या फॉन्टात मराठीसाठी वेगळे आकार दिलेले असतात त्यात या एका नोंदीने हिंदी वळणाचे ल आणि श जाऊन पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. ही नोंद न करणारी मराठी पुस्तकं इतकी आहेत की राग येतो. दोन, फॉन्ट सोबत देणं. 'मुक्त' आणि 'नोटो' हे दोन्ही फॉन्ट एसआयएल या संस्थेच्या खुल्या परवान्याखाली असल्याने पुस्तकात घालायला आडकाठी नाही. तरी घरातल्या एका जुन्या वाचनयंत्राने सोबतचा फॉन्ट दुर्लक्षून स्वतःचा लावला आणि 'ऱ्ह'मध्ये र-खाली टिंब, पुढे पाय मोडलेला, असं दाखवलं. सेटिंगमध्ये 'प्रकाशकाचा फॉन्ट' निवडल्यावर सुधारलं. हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून टाकणार आहे.

प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं करायचा मोह सध्या आवरलाय. 'क्षण'मधला 'क्ष' अख्खा मोठा व्हायला हवा, पण त्या यंत्राने 'क्' तोडला आणि 'ष' मागे ठेवला. युनिकोडच्या अक्षर तोडण्याच्या नियमांत देवनागरी जोडाक्षरं एकसंध धरायची तरतूद आली ती २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. त्याआधीची यंत्रं तोडणारच. तोवर मोठं अक्षर हवंच असेल तर त्या जोडाक्षराभोवती हाताने खूण घालायची. प्रकरणं थोडी असतील तर परवडतं.

पुढचं काम जाहिरातींचं. एकाच चौकटीत तीन फॉन्ट, त्यातला एक कृतिदेवच्या तक्त्याचा नाही, आणि पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढताना कोणत्या तुकड्याला कोणता फॉन्ट होता ही माहिती गळून पडते. फॉन्ट न सांगता नुसत्या अक्षरांच्या वारंवारतेवरून तक्ता ओळखता येतो का ते करून बघतोय. रफाराचा कोड शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही, पहिल्या वेलांटीचा शब्दाच्या शेवटी कधीच येत नाही. एवढ्या दोन खुणांवरही बरेच तुकडे वेगळे पडताहेत. कोणाकडे शिवाजी फॉन्टाचा तपासून घेतलेला पूर्ण कोडतक्ता असेल तर हवा आहे. माझ्याकडच्यात ष्ट आणि ष्ठ एकाच जागी दाखवलेत.